दार परक्यांचें, अडसर घरचा

परदेशीं शिकावयास जाऊं इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढें गेल्या दोन-तीन वर्षांत एकामागून एक दारें कशीं लोटलीं गेलीं, ही हकीकत वाचकांस तुटक तुटक ठाऊक असेलच. ती एकदां सलग मांडल्यावांचून आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें नीट कळणार नाहीं, म्हणून प्रथम ती सांगतों. कॅनडानें २२ जानेवारी २०२४ रोजीं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षीं सुमारें ३ लाख ६० हजारच परवाने द्यावयाचे, म्हणजे आदल्या वर्षाहून शेंकडा ३५ कमी, असें ठरविलें. २०२६ सालाकरितां नव्यानें येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आंकडा त्या सरकारनें १ लाख ५५ हजारांवर आणून ठेविला. निर्वाहापुरता पैसा जवळ आहे हें दाखविण्याची जी रक्कम वर्षानुवर्षें १० हजार कॅनडी डॉलर होती ती जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाली व सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाली. ऑस्ट्रेलियानें व्हिसाच्या अर्जाची फी ७१० डॉलरांवरून जुलै २०२४ मध्यें १,६०० व जुलै २०२५ मध्यें २,००० केली. अर्ज नामंजूर झाला तरी लाखावर रुपये गेले ते गेलेच. इंग्लंडनें १ जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचा अभ्यासक्रम नसेल तर विद्यार्थ्यानें पति, पत्नी वा मूल बरोबर आणूं नये असा नियम केला, आणि पदवीनंतर तेथें राहून काम शोधण्याची दोन वर्षांची सवलत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणारांस दीड वर्षच मिळेल असें जाहीर केलें.

राहिली अमेरिका. २०२४-२५ या वर्षीं तेथें आपलीं ३ लाख ६३ हजार मुलें शिकत होतीं. कोणत्याही दुसऱ्या देशाचीं इतकीं नव्हतीं. २७ मे २०२५ रोजीं अमेरिकेनें जगभरच्या आपल्या वकिलातींस, विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती नेमूं नयेत असा हुकूम धाडला. १८ जून रोजीं हुकूम उठला, पण उठतांना नवी अट मागें ठेवून गेला: अर्जदारानें समाजमाध्यमांवरील आपलीं खातीं कोणासही पाहतां येतील अशीं उघडीं करावीं. ऐन हंगामांतले तीन आठवडे असे गेले. ऑगस्टांत, शिक्षण संपेपर्यंत राहूं देण्याची जुनी पद्धति मोडून ठराविक, फार तर चार वर्षांची मुदत घालावी असा प्रस्ताव पुढें आला. त्या वर्षींच्या पावसाळ्यानंतरच्या सत्रांत अमेरिकेंत नव्यानें दाखल झालेल्या एकंदर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या शेंकडा १७ नीं उतरली.

ही हकीकत निघाली कीं आमच्या पैठणच्या पेठेंत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. पहिला संतापाचा: आमचीं पोरें यांना चालत नाहींत, मग आमचा बाजार कसा चालतो? दुसरा समाधानाचा: बरेंच झालें; घरचें अन्न सोडून परक्याच्या दारीं जावयाचें कशाला? पहिल्यांत स्वाभिमान आहे व दुसऱ्यांत स्वदेशाभिमान आहे असें बोलणारांस वाटतें. आमच्या मतें दोहोंतही विचार थोडा व आळस फार आहे.

परकीयांपैकीं कोणास घरांत घ्यावें व कोणास घेऊं नये हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक स्वतंत्र राष्ट्रास आहे. तो आपणांस आहे तसा त्यांनाही आहे. तेथें रागास जागा नाहीं. रागास जागा आहे ती तो अधिकार कोणत्या रीतीनें चालविला जातो येथें, आणि ही गोष्ट कायद्याच्या धंद्यांतील माणसाच्या चटकन् लक्षांत येते. अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्याचें २१४ ब हें कलम असें सांगतें कीं, अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे असें धरून चालावें. तसें नाहीं हें त्यानें अधिकाऱ्याची खात्री पटेपर्यंत शाबीत करावें. फौजदारी न्यायालयांत चोरीच्या आरोपीसही प्रथम निर्दोष धरतात. वकिलातीच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलावर मात्र शाबितीचा बोजा पहिल्यापासूनच असतो. मुलाखत कांहीं मिनिटांची. नकारावर अपील नाहीं. पुन्हां फी भरावी व पुन्हां रांगेंत उभें राहावें. गंमत अशी कीं, १९१७ सालीं याच अमेरिकेनें आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस बंदी करणारा कुप्रसिद्ध कायदा केला, तेव्हां त्या बंदींतून विद्यार्थी, वकील व व्यापारी यांस वगळलें होतें. मजुरास मनाई आणि शेटजींस मुभा हा न्याय वाईट खराच. पण विद्यार्थी हा विद्यार्थीच आहे एवढें तरी तो कायदा मानीत होता.

घरींच बसा म्हणणारांस उत्तर द्यावयास आम्हांस फार लांब जावें लागत नाहीं. पैठणहून पन्नास किलोमीटरांवर, छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनांत, मिलिंद महाविद्यालय उभें आहे. तें १९५० सालीं ज्यांनीं काढलें त्या डॉ. आंबेडकरांस १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत धाडलें नसतें, तर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरांचा इतिहास निराळा झाला असता. परदेशीं गेलेला विद्यार्थी परत येत नाहीं ही तक्रार पुष्कळ ठिकाणीं खरी आहे. स्वतःच्या पैशानें गेलेल्यावर हक्क सांगतां येत नाहीं. सार्वजनिक पैशानें गेलेल्यावर येतो, आणि बडोदें सरकारनें १९१३ सालीं दहा वर्षें नोकरी करण्याचा करार लिहून घेतला त्यांत कांहीं गैर नव्हतें. तो करार पार पडला नाहीं याचा दोष मात्र विद्यार्थ्याकडे जात नाहीं. १९१७ सालीं ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास एक खोली मिळाली नाहीं. परत येणाऱ्यांस आपण कसें वागवितों याचाही हिशेब न परतणाऱ्यांच्या यादीशेजारीं ठेवला पाहिजे.

परंतु ही हकीकत आम्हीं केवळ गौरवाकरितां काढलेली नाहीं. तिच्यांत आजच्या प्रश्नाचें मर्म आहे. १९१६ सालीं आंबेडकर लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत दाखल झाले. वर्ष पुरें होतें न होतें तोंच शिष्यवृत्तीची मुदत सरली व अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परत यावें लागलें. विद्यालयानें चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. मधल्या काळांत त्यांनीं मुंबईस सिडेनहॅम कॉलेजांत अध्यापकी केली, पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मदत केली, एका मित्रानें कर्ज दिलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला पोंचले. १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. म्हणजे त्या काळीं पैशास उशीर झाला तर विद्येस उशीर होई. आज पैशास उशीर झाला तर विद्याच मिळत नाहीं, कारण चार वर्षें जागा राखून ठेवणारें विद्यापीठ सांपडलें तरी चार वर्षें थांबणारा व्हिसा सांपडत नाहीं. नियम जितके आंवळतात तितकी तारीख महाग होते. ज्या घरीं पैसा पडून आहे त्यास तारखेची फिकीर नाहीं. एका देशानें नाहीं म्हटलें तर तो दुसऱ्या देशाची फी भरतो. तारीख मारते ती दुसऱ्याच्या सहीवर, दुसऱ्याच्या शिक्क्यावर आणि सरकारच्या पत्रावर अवलंबून असणाऱ्यास.

ही तारीख कशी मारते तें जरा तपशिलानें पाहूं. समजा, ढोरकीनच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीस इंग्लंडांतील चांगल्या विद्यापीठानें मार्चांत प्रवेश देऊं केला. सत्र सप्टेंबरांत सुरू होणार. व्हिसाच्या अर्जापूर्वीं पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि निर्वाहाचा खर्च एवढी रक्कम तिच्या किंवा आईबापांच्या खात्यांत सलग २८ दिवस पडून असली पाहिजे. लंडनबाहेरच्या विद्यापीठास नोव्हेंबर २०२५ पासून नुसता निर्वाहखर्चच दरमहा १,१७१ पौंड धरतात व तो नऊ महिन्यांचा दाखवावा लागतो. म्हणजे १०,५३९ पौंड. त्या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक ठरल्या आंकड्याखालीं गेली तरी अर्ज फेटाळण्यास तें कारण पुरतें. आतां सरकारनें पूर्ण शिष्यवृत्ति दिल्याचें पत्र असेल तर ही शिल्लक दाखवावी लागत नाहीं. तेव्हां त्या मुलीचें सारें नशीब त्या एका पत्रावर व त्या पत्रावरील तारखेवर टांगलेलें असतें. पत्र मे महिन्यांत आलें तर ती विद्यार्थिनी. तेंच पत्र, त्याच सहीचें, सप्टेंबराच्या अखेरीस आलें तर तो रद्दी कागद. मुदत टळल्यावर पटलेल्या हुंडीचा उपयोग काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

आणि हें पत्र मिळविण्यापूर्वीं किती पत्रें लागतात! उत्पन्नाचा दाखला तहसीलींतून, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून, त्या दाखल्याची वैधता जात पडताळणी समितीकडून, सर्व वर्षांच्या गुणांचा मोहोरबंद उतारा विद्यापीठाच्या परीक्षा-विभागाकडून, प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें, पासपोर्ट. प्रत्येक ठिकाणीं मनुष्य बसलेला आहे, आणि आज सर्व्हर बंद आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यांत या, हे तीन मंत्र त्यास पाठ आहेत. त्याच्या लेखीं आठवडा म्हणजे कांहींच नाहीं. दारापलीकडच्या देशानें मात्र आठवड्याचा हिशेब धरलेला असतो.

दारावर बसून कागद मागणाऱ्यांची निंदा करतांना पैठणकरांनीं तरी जरा जपून बोलावें. परंपरा सांगते कीं, शके १२०९ मध्यें आळंदीचीं चार पोरकीं भावंडें याच गांवच्या ब्रह्मवृंदापुढें शुद्धिपत्र मागावयास उभीं राहिलीं. त्यांचा अपराध कोणता? बापानें संन्यास घेतल्यावर पुन्हां संसार केला एवढाच. आणि तोही बापाचा, मुलांचा नव्हे. आळंदीकरांनीं सांगितलें, पैठणचें पत्र आणा. पैठणकरांनीं पोथ्या उघडल्या. नागघाटावर रेड्याच्या मुखांतून वेद वदविला ही कथा आपण मुलांस मोठ्या अभिमानानें सांगतों, पण त्या कथेंत आपला गांव कोणत्या बाजूस बसला होता हें सांगावयाचें विसरतों. चमत्कार झाला म्हणून ज्ञानदेवांस कागद मिळाला. ज्याच्याजवळ चमत्कार नाहीं त्यानें काय करावें? आजचीं शुद्धिपत्रें तहसीलींत, समाजकल्याणाच्या कचेरींत आणि विद्यापीठांत मिळतात, आणि परक्या वकिलातीच्या खिडकीप्रमाणें त्या खिडकीसमोरही शाबितीचा सारा बोजा मागणाऱ्याच्याच खांद्यावर असतो. दोन खिडक्यांत फरक एवढाच कीं, पलीकडची खिडकी आपल्या मतानें बदलत नाहीं. अलीकडची बदलूं शकते.

मोठ्या सरकारचें उदाहरण घ्यावयाचें तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचें घ्यावें. १९५४-५५ पासून चालत आलेली ही योजना. तिच्या १२५ जागांपैकीं ११५ अनुसूचित जातींच्या, उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती आणि भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीं. २०२५ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं निकाल लागला, १०६ जण निवडले गेले, आणि त्यांपैकीं ४० जणांसच तात्पुरतीं पत्रें मिळालीं. बाकीच्या ६६ जणांस, पैसा उपलब्ध झाल्यास पत्रें देऊं, असें कळविण्यांत आलें. पुढें पैसा सुटो वा न सुटो, जुलैच्या आरंभीं 'झाल्यास' हा शब्द लिहिणाऱ्यास २८ दिवसांचा हिशेब ठाऊक नव्हता असें तरी म्हणावें लागतें, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नव्हती असें तरी. दोहोंपैकीं कोणतें बरें, हें त्या खात्यानेंच सांगावें. १४० कोटींच्या राष्ट्रास सव्वाशें मुलांचा खर्च वेळेवर काढतां येत नाहीं, ही सबब आम्ही ऐकून घेण्यास तयार नाहीं.

याच योजनेच्या २०२२ सालच्या नियमावलींत असेंही एक कलम घातलें गेलें कीं, भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास अथवा भारतीय समाज हा अभ्यासाचा विषय असेल तर शिष्यवृत्ति मिळावयाची नाहीं. म्हणजे पैठणच्या एखाद्या कोष्ट्याच्या मुलास सातवाहनांच्या नाण्यांवर किंवा हालाच्या गाथासप्तशतीवर परदेशांतील विद्यापीठांत काम करावयाचें असेल, तर त्याच्या गांवचा इतिहास हाच त्याच्या आड येणार. आपला इतिहास आपल्याच भूमींत शिकावा, हें त्यामागचें समर्थन आम्हीं ऐकलें आहे. राष्ट्राभिमानांत आम्ही कोणास हार जाणार नाहीं, पण हा अभिमान आम्हांस समजत नाहीं. ग्रीक भाषेंत कोणा खलाशानें लिहून ठेविलें म्हणून तर आपणांस कळलें कीं, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरील या पैठणांतून गाड्याच्या गाड्या भरून गोमेद बंदराकडे जात असे.

बरें, शिष्यवृत्ति नको, कर्ज काढूं म्हटलें तर तेथेंही घरचाच अडसर. केंद्र सरकारनें २०२४ च्या नोव्हेंबरांत मंजूर केलेली विनातारण कर्जाची प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना देशांतील निवडक संस्थांपुरतीच आहे. परदेशाकरितां साडेसात लाखांवर कर्ज पाहिजे असेल तर सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि आमच्या शेतकऱ्याजवळ तारण म्हणून असतो तो सात-बारा. पाचोडकडे दहा एकर मोसंबीची बाग असलेला माणूस बँकेंत गेला तर त्यास सांगतात कीं शेतजमीन चालणार नाहीं, बिगरशेती जागा किंवा ठेवपावती आणा. याचें मूळ कायद्यांत आहे. बँकांनीं न्यायालयांत न जातां तारणाचा ताबा घ्यावा म्हणून २००२ सालीं जो कायदा झाला, त्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन त्यांतून वगळली. शेतकऱ्याच्या संरक्षणाकरितांच ती वगळली व तें योग्यच झालें. पण परिणाम असा कीं, विहीर खणावयास वा पीक काढावयास जी जमीन पत देते ती मुलीस शिकवावयास देत नाहीं. मग तो बाप सोनें मोडतो, नाहीं तर सावकार गांठतो, नाहीं तर एजंटाच्या कचेरींत जाऊन बसतो.

या एजंटांविषयीं दोन शब्द स्पष्टच लिहिले पाहिजेत. सगळेच लबाड आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. नीट माहिती देऊन माफक मोबदला घेणारेही त्यांत आहेत. परंतु व्हिसा हमखास काढून देतों असें जो म्हणतो तो खोटें बोलतो, कारण तें त्याच्या हातींच नाहीं; आणि २८ दिवस दाखविण्यापुरते पैसे व्याजानें तुमच्या खात्यांत टाकतों असें जो म्हणतो तो तुमच्या मुलाकडून खोटा पुरावा देववितो. पकडला गेला तर मुलावर वर्षानुवर्षांची बंदी येते. एजंट दुसऱ्या गल्लींत पाटी लावतो. २०२३ सालीं कॅनडांत बनावट प्रवेशपत्रांचे सुमारें १,५५० अर्ज उघडकीस आले, त्यांतले बहुतेक आपल्या देशांतून गेलेले होते. त्याच कॅनडांत ऑगस्ट २०२३ मध्यें आपल्या विद्यार्थ्यांचे अर्ज शेंकडा ३२ नामंजूर होत. ऑगस्ट २०२५ मध्यें तें प्रमाण शेंकडा ७४ च्या घरांत गेलें. सगळा वाढावा या लबाडीमुळें झाला असें नाहीं, पण खरें पत्र घेऊन जाणाऱ्या मुलाकडे अधिकारी संशयानें पाहतो त्याला हे दीड हजार कागद कांहीं अंशीं कारण आहेत.

प्रत्येकानें परदेशींच गेलें पाहिजे असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. नांव कोणीं न ऐकलेल्या खासगी विद्यालयांत कसला तरी वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावयाचा आणि दिवसभर दुकानांत राबावयाचें, याकरितां तीस-चाळीस लाखांचें कर्ज करणें हा शहाणपणा नव्हे. राबण्यांत कमीपणा नाहीं, पण राबावयासच जावयाचें तर पदवीची फी कशाला भरावी? दार अरुंद झाल्यानें हा प्रवाह आटला तर आम्हांस दुःख नाहीं. उलट ज्यास खरोखर शिकावयाचें आहे त्यास वाटा अजून उरल्या आहेत. कॅनडानेंच २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील पदव्युत्तर व पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांस प्रांताच्या वेगळ्या पत्राची अट काढून टाकली. जर्मनींत सरकारी विद्यापीठांतून बहुतेक ठिकाणीं फी नाममात्र आहे. मात्र सप्टेंबर २०२४ पासून तेथें वर्षाच्या निर्वाहाकरितां ११,९०४ युरो बंद खात्यांत ठेवावे लागतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांनीं कागदपत्रें आधीं दिल्लींतील जर्मन कचेरीकडून तपासून घ्यावीं लागतात. येथेंही पुन्हां कागद व तारीख हींच आडवीं येतात.

मुलींच्या बाबतींत एक अडसर सरकारचाही नाहीं, माजघरांतला आहे. मुलीस पाठवूं, पण आधीं लग्न होऊं द्या, मग नवऱ्याबरोबर जाईल, असें म्हणणारीं सुशिक्षित घरें आमच्या पाहण्यांत आहेत. इंग्लंडनें २०२४ पासून नवऱ्यास बरोबर आणण्याची सोयच बहुतेक अभ्यासक्रमांपुरती काढून टाकली. तेव्हां या अटीचा सरळ अर्थ, मुलीस पाठवावयाचें नाहीं, एवढाच उरला. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटींत बसल्या तेव्हां पति बरोबर नव्हता; वय अठरा वर्षें; समुद्रगमन हेंच पातक मानणारा समाज. १८८६ च्या मार्चांत त्या फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्यांस व्हिसा लागला नव्हता, हें खरें. पण त्या वेळीं जो परवाना लागत होता तो गोपाळरावांनीं घरांतच देऊन टाकला होता. आज व्हिसाच्या खर्चाकरितां हात आंखडणारा बाप लग्नाच्या मांडवांत किती खर्च करतो हें पेठेंतल्या व्यापाऱ्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे; त्यांतले कांहीं पैसे त्यांच्याच गल्ल्यांत येतात.

तेव्हां करावयाचें काय? सरकारकडे आमची मागणी एकच व साधी आहे: परदेश शिष्यवृत्तीचें वर्ष सरकारी आर्थिक वर्षाप्रमाणें न चालवितां परदेशच्या विद्यापीठांच्या वर्षाप्रमाणें चालवावें. राज्य सरकार अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांस राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें परदेश शिष्यवृत्ति देतें. ज्या शाहू महाराजांनीं वेळेवर मदत केली त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति तरी उशिरां पोंचूं नये. अर्ज जानेवारींत, यादी एप्रिलांत, आणि मेच्या अखेरीपर्यंत प्रत्येकाच्या हातांत वकिलातीस दाखवितां येईल असें पत्र. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. आमच्या भागाच्या आमदारांनीं हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या अधिवेशनांत विचारावा. पावसाळी अधिवेशनांत विचारला तर उत्तर येईपर्यंत त्या वर्षींचीं विमानें उडून गेलेलीं असतात.

व्यापारी वर्गाकडे आमचें मागणें निराळें आहे. शेतकऱ्याची जमीन बँकेस चालत नाहीं. पेठेंतलें पक्कें, बिगरशेती दुकान चालतें. गांवांतील दहा-वीस सधन गृहस्थांनीं मिळून एक न्यास करावा, त्यानें दर वर्षीं गुणवत्ता पाहून चार-पांच मुलांस, त्यांत निम्म्या मुली, जामीन राहावें, आणि अर्जाची फी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची फी, मुंबईच्या खेपा एवढा बीजखर्च उघड हिशेबानें बिनव्याजी द्यावा. हें दान नव्हे. जामीन राहणें म्हणजे काय हें व्यापाऱ्यास समजतें, आणि माणूस पारखण्याचा त्याचा अनुभव बँकेच्या छापील फॉर्माहून जुना आहे. जामिनाची जोखीम आहे, ती आम्ही लपवीत नाहीं. नारळी भाताच्या पंगती उठविण्यांत जोखीम नसते एवढेंच. नाथषष्ठीस अन्नदान करणाऱ्या हातांस ही जोखीम झेपणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि खुद्द विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एक गोष्ट सांगावयाची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा अमलांत आहे. त्याखालीं अधिसूचित झालेल्या प्रत्येक दाखल्याची मुदत ठरलेली असून ती कचेरीच्या भिंतीवर लावणें अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिलें अपील करतां येतें, मग दुसरें, मग आयोग. कारण नसतां उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम लहान आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या खिशांतून जाते, आणि अपिलाची नुसती नोटीस गेली तरी बंद पडलेला सर्व्हर पुष्कळदां सुरू होतो असा अनुभव आहे. पुढील वर्षींच्या सप्टेंबरांत ज्यांस जावयाचें आहे त्यांनीं यंदाच्या दिवाळीपूर्वींच उत्पन्नाच्या, जातीच्या व वैधतेच्या दाखल्यांचे अर्ज टाकावे आणि विद्यापीठाकडे गुणांचा उतारा मागावा. अपिलाचा मसुदा या पत्राच्या कचेरींत रोज सायंकाळीं विनामूल्य लिहून मिळेल. येतांना अर्जाची पोंचपावती मात्र बरोबर आणावी, कारण मुदत तिच्यावरील तारखेपासून मोजतात.